व्हीलचेअरवरून नदीकाठचं पक्षिनिरीक्षण: जागा, चाकं, दुर्बीण आणि होडी

नदीकाठचे पक्षी बसून बघायचे असतात. तुतवार, शेकाट्या, धोबी, टिटवी ही मंडळी माणूस चालत आला की उडून थोडी पलीकडे जातात. तोच माणूस हालचाल न करता बसून राहिला, की दहा-पंधरा मिनिटांत परत चरायला येतात. खंड्याची वाकलेली फांदी ठरलेली असते आणि नदी सुरयाची पाण्यावरून ये-जा करायची वाटही. त्यामुळे व्हीलचेअरवरून पक्षी बघणाऱ्याला काठाने चार किलोमीटर हिंडायची गरज नाही. नीट निवडलेली एक जागा आणि तिथे दोन-तीन तास सुखाने बसता येणं, एवढं जमलं की बरंच काही दिसतं. सगळी मेहनत घ्यायची ती या जागेवर आणि गाडीपासून तिथपर्यंतच्या शेवटच्या पन्नास मीटरवर.

खालचे तपशील पुण्याची मुळा-मुठा आणि भिगवणजवळचा भीमेचा फुगवटा (धरणामागे तुंबलेलं पाणी) डोळ्यांसमोर ठेवून दिले आहेत. मापं कुठल्याही नदीला चालतील.

जागा आधी बघून या, तीही बसून

जागा बघायला सोबत्याने आदल्या आठवड्यात जावं आणि साधी प्लॅस्टिकची खुर्ची बरोबर न्यावी. त्या खुर्चीची बैठक साधारण ४५ सेंमी उंच असते. वर दोन इंचांची उशी टाकली की व्हीलचेअरची उंची मिळते आणि डोळे जमिनीपासून ११५ सेंमीच्या आसपास येतात. उभ्याने उत्तम दिसणारी जागा बसल्यावर निव्वळ बेशरमाच्या झुडपांची भिंत निघते, हे अगदी नेहमीचं आहे. बेशरम आणि पाणकणीस दोन्ही माणसाच्या डोक्याच्या वर जातात. म्हणून म्हशी पाण्यावर उतरतात ती जागा शोधा, किंवा कोळी होड्या ओढतात ती. तिथलं गवत चरून आणि तुडवून खाली बसलेलं असतं, उतार सौम्य असतो, आणि ढोरांच्या खुरांनी उकरलेल्या चिखलात किडे मिळत असल्याने पक्षीही तिथेच असतात.

पूल सोयीचा वाटतो, पण कठडा मोजल्याशिवाय भरवसा ठेवू नका. समजा कठडा १०० सेंमी उंच आहे, तुमचे डोळे त्यापासून ६० सेंमी मागे आहेत आणि पूल पाण्यापासून ८ मीटर उंच आहे. तर पुलाखालचं जवळजवळ ३७ मीटरपर्यंतचं पाणी तुम्हाला दिसणारच नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दहा-अकरा मीटरपासून पुढचं सगळं दिसत असेल. कठड्याला मधे मोकळ्या पट्ट्या असतील, किंवा लोखंडी गजांचा कठडा असेल, तर प्रश्न सुटतो. भरीव दगडी कठडा असेल तर पुलाच्या टोकाला, जिथे भराव उतरतो, तिथली जागा बघा.

दिशा तेवढीच महत्त्वाची. सकाळी सूर्य पाठीशी हवा, म्हणजे नदीच्या पूर्वेच्या काठावर बसून पश्चिमेकडे बघायचं. संध्याकाळी उलट. चालणारा माणूस उजेड बिघडला की चार पावलं सरकतो. खुर्चीला ते चार पावलांचं सरकणं चिखलात वीस मिनिटांचं काम होतं, त्यामुळे हे आधीच ठरवा. डिसेंबर-जानेवारीत इकडे सूर्योदय सातच्या सुमारास होतो. त्याआधी वीस मिनिटं खुर्ची जागेवर स्थिर झालेली असावी. पाण्यावर धुकं असलं तर साडेसात-आठपर्यंत नुसतं ऐकायचं.

उतार डोळ्यांनी ठरवू नका. मोबाइलमधलं लेव्हलचं अॅप जमिनीवर ठेवून अंश बघा. १ : १२ चा उतार म्हणजे ४.८ अंश. इतका उतार हातांत बळ असलेला माणूस स्वतः चढू शकतो. ७ अंशांच्या आसपास, म्हणजे १ : ८ ला, मागून ढकलणारा लागतोच. त्याहून जास्त असेल तर दोन माणसं हवीत. आणि आडवा उतार, म्हणजे खुर्ची एका कुशीवर झुकवणारा, ३ अंशांच्या वर असला तर ती वाट सोडून द्या. वर चढायला त्रास होतो तो दम लागण्याचा. आडव्या उताराने मात्र खुर्ची नदीकडे वळत राहते आणि शेवटी एक हात पूर्ण थकतो.

कुठे आणि केव्हा

कवडीपाट हे पुणे-सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरच्या अलीकडे, शहरापासून वीसेक किलोमीटरवर. मुळा-मुठेवरचा जुना सखल पूल, उथळ पाणी, खडक. गाडी काठाच्या जवळ नेता येते हा तिथला मोठा फायदा. हिवाळ्यात चक्रवाक, शेकाट्या, तुतारी, पाणकावळे, राखी बगळे, हळदी-कुंकू बदकं हे सगळं एका जागेवरून दिसतं, आणि तारवाली पाकोळी खुर्चीच्या उंचीवरून घासून जाते. पाणी शहराचं मैलापाणी आहे, वास असतो, पुरानंतर काठावर प्लॅस्टिकचा थर साचतो. तो थर चाकांत आणि आऱ्यांत अडकतो, म्हणून पावसाळ्यानंतर लगेच न जाता नोव्हेंबरच्या मध्यापासून जावं. चाकांना हात लागत असल्याने हातमोजे आणि साबण-पाणी हवंच.

भिगवण पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटर. उजनी धरणाच्या फुगवट्यावर कुंभारगाव आणि डिकसळ या गावांतून पाण्यापर्यंत जाता येतं. इथे एक पेच आहे. धरण भरलेलं असतं तेव्हा, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाणी वाटेच्या जवळ असतं आणि खुर्चीला सोपं जातं, पण चिखलपट्टा उघडा नसल्याने पक्षी कमी. पाणी ओसरू लागलं की चिखल उघडा पडतो, रोहित (फ्लेमिंगो) आणि चिखलपक्षी येतात, आणि तेवढ्यातच काठ वाटेपासून लांब लांब जाऊ लागतो. मार्चमध्ये सगळ्यात भरलेला थवा सगळ्यात लांबच्या चिखलापलीकडे असतो. खुर्चीवाल्यांनी डिसेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारीअखेर धरावं. पट्टकादंब, चक्रवाक, चित्रबलाक, मोर शराटी, नदी सुरय तेव्हा असतात. रोहित कमी-जास्त, ते पाण्याच्या पातळीवर ठरतं. जायच्या आदल्या दिवशी गावातल्या नावाड्याला फोन करून एकच विचारावं: पाणी वाटेपासून किती पावलांवर आहे?

गोदावरी-कादवेच्या संगमावरचं नांदूर मध्यमेश्वर महाराष्ट्रातली पहिली रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची) पाणथळ जागा आहे, २०२० साली जाहीर झाली. तिथले निरीक्षण मनोरे म्हणजे जिने. मनोऱ्याकडे बघून मन खट्टू करून घेऊ नका. काठावरून आणि उभ्या गाडीतूनही जांभळ्या पाणकोंबड्या, वारकरी, कमळपक्षी भरपूर दिसतात.

चाकं आणि शेवटचे पन्नास मीटर

भीमेच्या काठाला काळी माती आहे. ओली असताना ती चाकाला थर धरते आणि चाक चौकटीला घासून अडकतं. पूर्ण सुकली की भेगा पडतात, आणि त्या भेगेत पुढचं छोटं चाक अडकून खुर्ची पुढे कलंडते. वाळलेली पण भेगाळायच्या आधीची काळी माती, किंवा मुरूम, हे चांगलं. भुसभुशीत वाळू पूर्ण टाळावी.

मऊ जमिनीवर खुर्ची उलटी न्या. मोठी चाकं पुढे, छोटी मागून फरफटत. सोबती पाठमोरा चालून खुर्ची आपल्याकडे ओढतो. छोटं चाक रुततं कारण वजन लहानशा जागेवर पडतं. उलटं नेलं की वाट मोठी चाकं काढतात. मागे अँटी-टिप चाकं (खुर्ची मागे उलटू नये म्हणून लावलेली छोटी चाकं) असतील तर ती आधी वर वळवून घ्या, नाहीतर नांगरासारखी रुततात. उतरणीवरही असंच: खुर्चीची पाठ उताराकडे, सोबती खालच्या बाजूला, बसलेल्या माणसाचं तोंड चढाकडे.

चिखलाच्या तुकड्यासाठी १२ मिमी प्लायवुडच्या चार फळ्या करून घ्या, प्रत्येकी १२० सेंमी लांब आणि ३० सेंमी रुंद. एकीचं वजन तीन किलोच्या आत बसतं. दोन फळ्यांवर खुर्ची उभी, दोन पुढे मांडायच्या, पुढे गेल्यावर मागच्या उचलून पुढे. वरच्या बाजूला जुन्या सायकलच्या ट्यूबच्या आडव्या पट्ट्या ठोका, नाहीतर ओल्या प्लायवर चाक घसरतं. फळ्यांमधलं अंतर तुमच्या मागच्या चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजून एका काठीवर खूण करून ठेवा. दर वेळी अंदाजाने मांडत बसलं की एक चाक बाहेर पडतंच.

काट्यांचं वेगळं सांगायला हवं. भिगवणच्या काठाला वेडी बाभूळ पसरली आहे आणि जमिनीवर सराटे. बाभळीचा सुकलेला काटा हवेच्या टायरमधून सरळ आत जातो. सराटा टायरला चिकटतो, चाकाबरोबर वर येतो आणि तळहातात घुसतो. हाताला संवेदना कमी असेल तर ते घरी गेल्यावर रक्त बघून कळतं. म्हणून चामड्याचे अर्ध्या बोटांचे मोजे घाला आणि गाडीत बसण्याआधी चाक हळू फिरवत टायर तपासा. या काठासाठी आमच्या मते भरीव टायरच बरे. थोडे जड चालतात, पण पंक्चर होत नाहीत. हवेचेच असतील तर टायरच्या बाजूवर छापलेलं माप बघून त्याच मापाची जादा ट्यूब घरूनच न्या. गावातल्या सायकलच्या दुकानात नेमकं तेच माप मिळेल असं धरून चालू नका. हवा कमी झाली की ब्रेकही सैल होतो, कारण साध्या खुर्चीचा ब्रेक टायरवरच दाबला जातो.

मोटरच्या खुर्चीबद्दल थोडक्यात: सपाट, घट्ट वाटेवर छान, चिखलात रुतली तर दोघांनाही उचलत नाही. साध्या खुर्चीला पुढे जोडायचं मोटरचं चाक, जसं आयआयटी मद्रासमधून पुढे आलेल्या निओमोशनचं निओबोल्ट, छोटी चाकं उचलून धरत असल्याने खडबडीत रस्त्यावर फार कामाचं. पण अशा जोडणीत ओढणारं चाक पुढे आणि वजन मागे असतं, त्यामुळे ओल्या चढावर ते जागीच फिरतं.

खुर्चीचा आवाजही काढून टाका. पायपाट्या एकमेकींवर आपटून टकटक करतात. त्यांना जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. छोट्या चाकाच्या दांड्याला आदल्या दिवशी तेलाचा थेंब. सोबत्याने पांढरा शर्ट घालू नये आणि मागे उभं राहू नये. पक्ष्यांना बसलेल्या आकृतीपेक्षा तिच्यामागची उभी, हलणारी आकृती खटकते. एक छोटं स्टूल त्याच्यासाठी घ्या.

बसल्यावर

पाण्याच्या कडेपासून किमान तीन मीटर मागे, सपाट जागी थांबा. दोन्ही ब्रेक लावा आणि शिवाय मोठ्या चाकांखाली, पाण्याच्या बाजूने, लाकडी पाचर किंवा विटा सरकवा. फक्त ब्रेकवर कधीही विसंबू नका. कमरेचा पट्टा वाटेत हवा, पण पाण्याच्या अगदी कडेला तो सोडलेला बरा. खुर्ची घसरलीच तर पट्ट्याने बांधलेला माणूस खुर्चीबरोबर बुडतो. धडाचा तोल अगदीच राहत नसेल आणि पट्टा सोडता येत नसेल, तर कडेला जायचंच नाही.

दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं वजन हलवा: पुढे वाका, किंवा एका कुशीवर झुका, मग दुसऱ्या. पक्ष्यांच्या नादात दोन तास कसे जातात कळत नाही, आणि नितंबावरची जखम भरायला महिने लागतात. मोबाइलवर कंपन होणारा गजर लावा. मांडीवर संवेदना नसेल तर तिच्यावर मोनोपॉडचं (एकपायी स्टँडचं) टोक, कॅमेऱ्याची कडा, चहाचा थर्मास काहीही ठेवू नका. उन्हात तापलेली काळी दुर्बीणसुद्धा कातडी भाजते.

मणक्याची दुखापत छातीच्या वरच्या भागात असेल तर घाम नीट येत नाही. पहाटे कानटोपी आणि पायांवर घोंगडी लागते, दहानंतर त्याच जागी पाण्याची फवारणीची बाटली. पाणी पिणं कमी करून लघवीचा प्रश्न सोडवू नका. काठावर व्हीलचेअर जाईल असं स्वच्छतागृह मिळेल असं गृहीतच धरू नका. कॅथेटरची (लघवीच्या नळीची) वेळ निघण्याआधी आणि परतताना अशी बसवा, पिशवी असेल तर गाडीत रिकामी करा. अशा दुखापतीत अचानक डोकं ठणकलं आणि चेहरा लाल झाला, तर आधी मूत्राशय आणि पिशवीची नळी तपासा, सरळ बसवून ठेवा, उतार पडला नाही तर ११२ला फोन.

दुर्बीण

खुर्चीवरून ८×३२ (आठपट मोठं दाखवणारी, ३२ मिमी भिंगाची) सगळ्यात सोयीची, वजन साधारण अर्धा किलो. ८×४२ पहाटेच्या कमी उजेडात जास्त उजळ, पण सातशे ग्रॅमच्या आसपास जाते आणि तासाभरात हात खाली येतात. १०× मध्ये हाताची थरथरही दहापट दिसते. कोपर टेकायला हात-टेक बहुतेक वेळा खूप खाली असतो. जुन्या जीन्सच्या पायाचा ३० सेंमीचा तुकडा कापून दोन्ही तोंडं शिवा, आत थर्माकोलचे मणी भरा आणि तो हात-टेकावर बांधा. तेवढ्याने चित्र स्थिर होतं. बोटांची पकड नसेल तर छातीवरचा दुहेरी पट्टा वापरा आणि फोकसच्या चाकाला रबरी पट्टी गुंडाळा, म्हणजे ते मुठीच्या कडेने फिरवता येतं.

स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची एका डोळ्याने बघायची दुर्बीण) घ्यायचा तर ४५ अंशांत वाकलेला. तिपाई खुर्चीसमोर मांडायला गेलं की तिचे पाय पायपाट्यांवर आणि छोट्या चाकांवर आपटतात, मग ती लांब ठेवावी लागते आणि मान पुढे ताणून बघत बसावं लागतं. तिपाई खुर्चीच्या बाजूला, मोठ्या चाकाच्या थोडी पुढे ठेवा. नंतर स्कोपचं कडं सैल करून नळी तिच्याच अक्षावर फिरवा, म्हणजे डोळ्याचं भिंग तुमच्याकडे आडवं येतं. मान न वाकवता, खुर्ची न हलवता बघता येतं. शोधताना २० पट, पक्षी सापडल्यावरच वाढवा. दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरते. तेव्हा ४० पटीत काहीच मिळत नाही.

खुर्चीच्या उंचीचा खरा फायदा चिखलपक्ष्यांत आहे. ११५ सेंमीवरून तुतवाराच्या खांद्यापाशी वर गेलेली पांढरी पट्टी आणि ठिपकेदार तुतारीची पांढरट भुवई बाजूने, समपातळीत दिसते. तुतवार शेपूट सतत वरखाली करतो, हेही आधी लक्षात येतं. तोटा मोजणीत: थव्यातले पक्षी एकामागे एक झाकले जातात. थवा उडाल्यावर मोजा, पण उडवून नव्हे.

गाडीतून

खुर्ची उतरवणं शक्य नसेल त्या दिवशी गाडी हीच आडोसा. आपल्याकडे सोबत्याची सीट डावीकडे असते. म्हणून सकाळी गाडीचं तोंड उत्तरेला करा, डावी खिडकी पश्चिमेला येते आणि ऊन पाठीशी राहतं. संध्याकाळी तोंड दक्षिणेला. इंजिन बंद, कारण त्याची थरथर दुर्बिणीत येते. काच अर्धी खाली करून तिच्या कडेवर दीड किलो धान्य भरलेली पिशवी. खिडकीबाहेर हात काढून दाखवू नका. पक्ष्यांना गाडी चालते, तिच्यातून निघणारा हात चालत नाही.

होडी

कुंभारगावात कोळी बांधव होडीने फिरवतात. खुर्ची काठावर राहते, माणूस होडीत जातो. व्हीलचेअरवर बसूनच होडीत राहायचं नाही. वजन उंचावर जातं आणि होडी डोलते.

चढवताना होडी काठाला आडवी, दोन्ही टोकांना धरलेली. कॅनव्हासची झोळी, दोन्ही बाजूंना तीन-तीन मुठी शिवलेली, माणसाखाली आधीच सरकवा आणि चौघांनी उचला. दोघांनी काखेत-गुडघ्यात धरून उचलणंही चालतं, पण नितंब होडीच्या कडेवरून घासत न्यायचे नाहीत. तेवढ्यानेही कातडी सोलते. काठ आणि होडी यांच्यात चिखल असेल, आणि नावाडी "आम्ही उचलून नेतो" म्हणाला, तर त्याच्या प्रेमाला नमस्कार करून नकार द्या. चिखलात उचलणाऱ्याचा पाय कधी रुततो ते त्याला आधी कळत नाही.

होडीतल्या फळीला पाठ नसते. तोल राहत नसेल तर तळाशी, आपली व्हीलचेअरची उशी घालून, फळीला पाठ टेकून बसा. तळाशी पाणी असतं, म्हणून उशीखाली प्लॅस्टिक. लाइफ जॅकेट मापाचं आहे का हे खांद्याचे पट्टे वर ओढून बघा. कानांपर्यंत आलं तर ते मोठं आहे. थव्याच्या जवळ जाताना इंजिन बंद करून बांबूने ढकलायला सांगा. रोहितांनी माना उंचावल्या आणि सगळे एकाच दिशेने चालू लागले, की थांबायचं. पुढचं पाऊल उडण्याचं असतं.

जागा सुधारायला सांगायची तर

वनविभागाला किंवा ग्रामपंचायतीला अर्ज करताना "सोय करा" एवढंच न लिहिता मापं द्या. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचा आधार आहेच. वाट किमान दीड मीटर रुंद, चढ १ : १२ पेक्षा सौम्य, पक्षी बघायला बांधलेल्या आडोशात खुर्ची वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा. बघायच्या फटीची खालची कड ९० सेंमीवर, वरची १३५ वर. फटीखाली गुडघे जायला ७० सेंमी उंच मोकळी पोकळी, म्हणजे माणूस फटीला नाक लावून बसू शकतो. ही पोकळी नसली की खुर्ची अर्धा मीटर मागेच अडते आणि उरतो तो चिंचोळा तुकडा.

ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर) यादी भरताना शेऱ्यात वाटेचीही नोंद करा: गाडी काठापासून किती मीटरवर थांबते, जमीन कसली, उतार किती अंश, बसून पाणी दिसतं का, कुठल्या महिन्यात. पुढच्या खुर्चीवाल्याला पक्ष्यांच्या यादीइतकीच ही ओळ लागते, आणि ती फक्त तिथे जाऊन आलेला माणूसच लिहू शकतो.